वाट किती पाहावी ?

गणेशचतुर्थीस घरीं येणाऱ्या मंडळींची वाट पाहण्यांत आमच्या आयुष्याचा बराच भाग गेला आहे. आगगाडीस उशीर, घाटांत दरड, पुलावर पाणी, अशा कारणांनीं पानें मांडून ताटकळत बसल्याची आठवण कोंकणांतील प्रत्येक कुटुंबवत्सल गृहस्थास असेल. तेव्हां ‘आणखी किती वेळ थांबावें आणि पानें वाढावयास केव्हां सांगावें’ हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. परंतु हाच प्रश्न तांब्याएवढ्या एका लहानशा यंत्रासही पडतो, त्यावर विद्वान् लोकांनीं निबंध लिहिले आहेत, आणि त्याचें उत्तर चुकलें म्हणजे धडधाकट माणसें मृतांत जमा होतात, हें मात्र आम्हांस सन २०२४ च्या भाद्रपदांत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, आमच्या धाकट्या पुतण्याकडून कळलें. ज्या वाचकांच्या घरीं या विद्येंत वाकबगार अशी तरुण मंडळी आहेत, त्यांनीं आमच्या अडाणीपणास हंसून पुढें जावें.

आमचें कुटुंब आतां सात घरीं विभागलें आहे. मूळ घर येथें रत्नागिरी जिल्ह्यांत. पुण्यास दोन बिऱ्हाडें. डोंबिवली, नागपूर आणि इंदूर येथें एकेक. आणि सातवें पुतणीचें, तें अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांत. वडिलांनीं स्वहस्तें लिहिलेल्या चाळीस वह्या, कुळाची वंशावळ, जुनीं छायाचित्रें, आणि गेल्या सालीं वारलेल्या आमच्या थोरल्या बंधूंच्या पठणाचीं ध्वनिमुद्रणें, एवढी आमची समाईक इस्टेट. ती एकाच घरीं ठेवावी तर कसर आणि पाऊस. परक्या कंपनीच्या कोठारांत ठेवावी तर दरमहा भाडें. म्हणून पुतण्यानें असें योजिलें कीं, प्रत्येक घरीं एक लहान यंत्र असावें, प्रत्येकांत सर्व ठेवा असावा, आणि मुनीम कोणीच नसावा. सर्व्हर नांवाचा मुनीम मध्यें नसतां यंत्रें परस्परांशीं बरोबरीच्या नात्यानें बोलतात, अशा जाळ्यास ‘पीअर टु पीअर’ जाळें म्हणतात आणि त्यांतील प्रत्येक यंत्रास ‘नोड’. एकत्र कुटुंब मोडल्यावर तें यंत्रांच्या रूपानें पुन्हां जमवावें ही कल्पना आम्हांस फार आवडली.

चतुर्थीच्या आदल्या रात्रीं आमच्या माजघरांतील फळीवर त्या यंत्राची स्थापना झाली. वहिनींची, म्हणजे थोरल्या बंधूंच्या पत्नींची, इच्छा अशी होती कीं, दुसऱ्या दिवशीं पूजेच्या वेळीं त्यांचेंच अथर्वशीर्ष मूळ घरांत ऐकूं यावें. तें पुण्याच्या यंत्रांत होतें. आमच्या यंत्रानें जाळ्यांत प्रवेश केला कीं तें आपोआप येणार होतें.

यंत्रानें प्रवेश केलाच नाहीं. पुतण्याच्या संगणकाच्या पडद्यावर दर सहा सेकंदांनीं एकच वाक्य उमटत होतें, कीं एकही सोबती जिवंत सांपडत नाहीं. आम्हीं पुण्यास फोन लावला. वहिनी म्हणाल्या, “अहो भावोजी, आमचा हिरवा दिवा केव्हांचा लागलेला आहे!” डोंबिवलीसही दिवा होता. न्यू जर्सीस तर सकाळ झालेली होती आणि पुतणी यंत्रासमोरच बसली होती. फोन लावला त्या सर्व घरीं माणसें, यंत्रें, दिवे, सर्व कांहीं ठीक. आणि आमच्या माजघरांतील हें कारटें मात्र सर्वांच्या नांवानें अंघोळ करून मोकळें झालेलें!

रात्रीं साडेअकराला पुतण्यास कारण सांपडलें. ज्याच्याशीं ओळख करून घ्यावयाची त्यास हाक मारल्यावर किती वेळ थांबावयाचें याची एक मर्यादा प्रोग्रॅमांत लिहावी लागते. तिला ते लोक ‘टाइमआउट’ म्हणतात. पुतण्यानें ती एक सेकंद ठेविली होती. आमच्या पंचांगांतील हिशेबानें एक सेकंद म्हणजे अडीच विपळें. पुण्यांत त्याच्या खोलींत बसून दोन यंत्रें बोलत तेव्हां उत्तरास २० मिलिसेकंदही लागत नसत. म्हणजे एक सेकंद ही त्याच्या मतें उदारपणाची परमावधि होती. आमच्या गांवीं त्या पावसांत, मोबाइलच्या क्षीण लहरींवरून, पुण्यास हाक जाऊन परत यावयास उत्तम वेळीं ३०० मिलिसेकंद लागत होते. तरीही तें सेकंदाच्या आंतच, असें कोणासही वाटेल. परंतु ओळख एका फेरींत होत नाहीं. पहिली फेरी जोडणीची, दुसरी व तिसरी गुप्ततेच्या किल्ल्या ठरविण्याची, चौथी परस्परांस नांवगांव सांगण्याची. चार वेळां तीनशें म्हणजे बाराशें. मर्यादा हजाराची. म्हणजे आमचें यंत्र जन्मभर हाका मारीत राहिलें असतें तरी त्याला एकही सोबती मिळाला नसता. आणि प्रत्येक वेळीं उत्तर दाराशीं येऊन ठेपे तोंच हें दार लावून घेई!

येथें थोडें विषयांतर करून, नवागतास हा प्रश्न विशेष कठीण कां, तें सांगितलें पाहिजे. दार ठोठावल्यावर आंतून कोणी ‘आतां भेटतां यावयाचें नाहीं’ असें ओरडलें, तर माणूस लगेच पुढच्या दारीं जातो. यंत्रांतही असा स्पष्ट नकार तत्काळ येतो आणि त्यास मर्यादेची गरजच नसते. मर्यादा लागते ती मौनासाठीं. मौनाचे अर्थ मात्र अनेक : घरांत कोणी नाहीं, आहे पण म्हातारें आहे, हाकच पोहोंचली नाहीं, किंवा ओ दिलेली परत येतां येतां वाटेंत हरवली. बाहेर उभ्या असणाऱ्यास हे सर्व अर्थ सारखेच. निरोपास किती वेळ लागेल याची कमाल मर्यादा ठाऊक नसेल तर न बोलणारा मेला आहे कीं मंद आहे हें ओळखतां येत नाहीं. आणि एक जरी सोबती मध्येंच नाहींसा होऊं शकत असला, तर बाकीच्यांचें एकमत हमखास होईलच अशी ठाम युक्ति असूं शकत नाहीं, हें १९८५ सालीं फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनीं गणिताप्रमाणें सिद्ध करून ठेविलें आहे. जो प्रश्न सुटत नाहीं असें सिद्ध झालें आहे त्यावर अंदाजानेंच निभावावें लागतें. टाइमआउट हा तो अंदाज.

जुन्या यंत्रास अंदाज बांधावयास अनुभव असतो. नवागताची वही कोरी. बिटकॉइन नांवाचें जें जाळें २००९ सालीं सुरू झालें (चलन या नात्यानें त्याचा आम्ही मुळींच पुरस्कार करीत नाहीं, पण त्याची प्रवेशाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे), त्याच्या मुख्य प्रोग्रॅमांत ही तजवीज अशी आहे. वहींत जुन्या ओळखी असतील तर यंत्र ११ सेकंद त्यांवरच भरंवसा ठेवतें आणि मग त्रयस्थाकडे नांवें विचारतें. ओळखी हजार किंवा अधिक असतील तर ५ मिनिटें थांबतें. वही कोरी असेल तर लगेच विचारतें. आणि ६० सेकंदांत तिकडूनही कोणाचें नांव न मिळाल्यास प्रोग्रॅमांतच कोरून ठेवलेली एक यादी उघडतें. एकेका दारापुढें जोडणीसाठीं थांबावयाचें तें ५ सेकंद. म्हणजे ज्याचा गोतावळा मोठा त्यास धीर अधिक. एकट्यास लवकर मदत मागण्याची मुभा. हें आम्हांस माणुसकीचें वाटलें.

पुतण्याचा तो एक सेकंद कोठून आला याचाही शोध आम्हीं घेतला, कारण शिक्षकास उत्तर चुकल्यापेक्षां तें कसें चुकलें यांतच अधिक गोडी असते. त्याची हकीकत मौजेची आहे. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधील, अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावरील, तारेची वाहतूक दर सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आली. गर्दीमुळें उत्तरास उशीर होई. उशीर झाला कीं अधीर यंत्रें निरोप हरवला असें समजून तोच पुन्हां पाठवीत. त्यानें गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन या गृहस्थानें १९८८ सालीं आपल्या निबंधांत यावर जे उपाय सुचविले त्यांत एक असा होता कीं, उत्तरास सरासरी किती वेळ लागतो एवढेंच न पाहतां, तो सरासरीपासून किती ढळतो हेंही पाहावें. पुढें रूढ झालेल्या नियमाप्रमाणें सरासरींत त्या ढळण्याची चौपट मिळवावी आणि तितका वेळ थांबावें.

आम्हीं तें गणित लगेच करून पाहिलें. समजा, आमच्या गांवाहून पुण्यास चार हाका मारल्या आणि उत्तरें ३००, ३५०, १४०० आणि ३५० मिलिसेकंदांत आलीं. सरासरी ६००. प्रत्येकाचें ढळणें ३००, २५०, ८०० आणि २५०. त्याची सरासरी ४००. चौपट १६००. एकूण २२०० मिलिसेकंद. म्हणजे एकाच फेरीसाठीं सव्वादोन सेकंदांच्या सुमारास थांबलें पाहिजे. (प्रत्यक्षांत प्रत्येक नव्या अनुभवास थोडें थोडें वजन देत सरासरी हळूहळू हलवितात, पण तत्त्व हेंच.) जो नेहमीं वेळेवर येतो त्याची वाट फार पाहावयास नको, ज्याचा नेम नाहीं त्याची अधिक पाहावी. लोकांत व्यवहार याच्या उलट चालतो. नेहमीं वेळेवर येणाऱ्या जांवयासाठीं पानें खोळंबतात आणि ज्याचा नेम नाहीं तो आला तर आला असें म्हणून आपण जेवून घेतों!

अनुभव नसतां आरंभीं काय धरावें, याचेंही प्रमाण ठरलेलें आहे. पूर्वीं तें ३ सेकंद होतें. २०११ सालीं १ सेकंद केलें. आणि मौन पडल्यास दर खेपेस दुप्पट करीत जावें असें सांगितलें. आमच्या चिरंजीवांनीं आंकडा तेवढा उचलला. तो एका फेरीचा आहे, चार फेऱ्यांचा नव्हे, आणि तो दुप्पट करीत जावयाचा आहे, या दोन्ही गोष्टी गळल्या. पाठांतरांत सूत्र राहावें आणि वृत्ति विसरावी, असला हा प्रकार. संस्कृत शिकवितांना आम्हीं तो पुष्कळ पाहिला आहे.

चूक कळल्यावर पुतण्यानें रागानें मर्यादा एकदम ६० सेकंद केली. तरुणांचा स्वभाव! आतां मर्यादेचा दुसरा दोष दिसला. यंत्र एकेकास क्रमानें हाक मारी. यादींत पहिलें नागपूर. ती मंडळी तिरुपतीस गेलेली, यंत्र बंद. दुसरें इंदूर, तेथें वीज गेलेली. दोन मिनिटें दोन बंद दारांपुढें उभे राहण्यांत गेलीं. मग डोंबिवली सांपडली आणि तेथून अथर्वशीर्षाचा एक तुकडा आला, तोंच डोंबिवलीच्या कोणीसा राउटर बंद करून पुन्हां लावला. आमचें यंत्र पुन्हां एक मिनिट स्वस्थ. पुण्याहून वहिनींचा दुसरा फोन : “आलें का?” आम्ही “येत आहे” म्हणालों. चतुर्थीच्या दिवशीं असत्य बोलूं नये, परंतु तें अगदींच असत्यही नव्हतें.

तेव्हां आम्हांस विष्णुपुराणांतील गृहस्थाचा आचार आठवला. बलिकर्म झाल्यावर गृहस्थानें अतिथीसाठीं अंगणांत उभें राहावें. किती वेळ, तर गाय दोहावयास लागतो तितका. इच्छा असल्यास त्याहून अधिक. आम्हीं पुतण्यास म्हटलें, “अरे, पुराणकारांजवळ घटिका होती, पळ होतें, विपळ होतें, तरी त्यांनीं गाय कां सांगितली, याचा विचार कर. कपिला पाव घटकेंत मोकळी होते, तर हरणी अर्धी घटका घेते आणि वर लाथ मारते. ज्याचें जसें गोधन तसा त्याचा काळ.” तो उठून उभाच राहिला. म्हणाला, “काका, म्हणजे मर्यादा ज्याची त्यानें आपल्या अनुभवावरून काढावयाची! आणि सांगितलेला वेळ हा कमींत कमी, जास्तीची मोकळीक!” पुराणकारांस यंत्रविद्या ठाऊक होती असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. त्यांस पाहुणे ठाऊक होते इतकेंच. व्याकरणांतही, दूरच्यास हाक मारतांना शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, करावा असा पाणिनीचा नियम आहे. जवळच्यास तो नको. न्यू जर्सी येथून साडेबारा हजार किलोमीटर. कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे वाटेंत कोठेंही न थांबतां एका फेरीस सव्वाशें मिलिसेकंद पाहिजेतच. त्या पोरीस ‘लवकर ओ दे’ असें कितीही सांगितलें तरी उपयोग काय?

आतां, ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों.

मर्यादा संपल्यावर येणाऱ्या उत्तराचें काय होतें, असें आम्हीं विचारलें असतां पुतण्या म्हणाला, “काका, त्यांत एक खोंच आहे. एक हाक मारली, उत्तर आलें नाहीं, म्हणून दुसरी मारली. आणि मग उत्तर आलें, तर तें पहिलीचें कीं दुसरीचें? दुसरीचें धरलें तर वाटेल, वा, किती चपळ! आणि हिशेब साराच बिघडेल. म्हणून कार्न आणि पार्ट्रिज यांनीं १९८७ सालीं असा नियम घातला कीं, दोनदां विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावरून वेळ मोजूंच नये. आणि बिटटॉरेंटसारख्या जाळ्यांत प्रत्येक प्रश्नास एक खूण जोडलेली असते. उत्तरानें तीच खूण परत आणावयाची. नाहींतर उशिरा आलेलें बरोबर उत्तर पुढच्या प्रश्नाचें चुकीचें उत्तर ठरतें.” मग हंसून म्हणाला, “तुमच्या त्या एकशें छत्तीसवाल्यासारखें.”

ही आमच्या घरांतील जुनी थट्टा. १९९१ सालीं आम्ही एका खेड्यांतील शाळेवर चौथीचा वर्ग घेत असूं. डोंगरावरच्या धनगरवाड्यांतून एक मुलगा येई. दोन तासांची उतरण उतरून यावयाचा, शेवटच्या रांगेंत बसावयाचा. तोंडी पाढे विचारतांना आमचा नियम असा कीं, प्रश्न विचारावा, बोटांवर पांच मोजावे, उत्तर न आल्यास पुढच्यास विचारावें. हा मुलगा पांचांत कधीं बोलत नसे. एके दिवशीं आम्हीं त्याच्या शेजाऱ्यास ‘एकोणीस सक किती?’ म्हणून विचारलें आणि हा मध्येंच उठून मोठ्यानें म्हणाला, ‘एकशें छत्तीस!’ वर्ग खो खो हंसला. आम्हीही हंसलों. घरीं येऊन सांगितलें. पुढें कित्येक वर्षें घरांत कोणी भलतेंच कांहीं बोललें कीं ‘एकशें छत्तीस’ म्हणण्याची चाल पडली. पुतण्यानें ती पाळण्यांतून ऐकलेली.

तो हंसतां हंसतां थांबला. “काका, प्रश्न दुसऱ्याला होता, तर हा कां बोलला?” आम्ही म्हणालों, “मूर्ख होता, दुसरें काय.” “त्याला त्याच्या आधीं काय विचारलें होतें?”

आमचा तोंडी प्रश्नांचा क्रम ठरलेला असे. अजून पाठ आहे. एकोणीस सक याच्या आधींचा प्रश्न सतरा आठे.

वाचकांनीं तो गुणाकार करून पाहावा. आम्हांस तो करावयास त्या रात्रीं पांच बोटांहून फार अधिक वेळ लागला.

तो मुलगा घरीं निराळ्या बोलींत बोले. आमचा प्रश्न त्यास आधीं आपल्या बोलींत न्यावा लागे, तेथें हिशेब करावा लागे, आणि उत्तर परत शाळेच्या भाषेंत आणावें लागे. फेऱ्या अधिक. आणि आम्हीं मर्यादा ठेविली होती ती पहिल्या बाकावरील, घरींच शुद्ध बोलणाऱ्या, बहुतेक आमच्याच आळींतील मुलांच्या मापानें. वर्षअखेर आम्हीं त्याच्या नांवापुढें ‘मंद’ असा शेरा लिहिला, आणि मनांत त्याचा दोष त्याच्या वाड्यावर घातला. हा शेरा आमच्या हस्ताक्षरांत आहे. तो दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं. चौथीनंतर त्यानें शाळा सोडली. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें १९७० च्या सुमारास वर्गांत बसून मोजलें होतें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबल्यास मुलांचीं उत्तरें लांबीनें आणि विचारानें दोन्हीं वाढतात. आमच्या पांच बोटांचा वेग काय होता कोण जाणे! बहुधा पांच मिळून दीड सेकंद.

त्या रात्रीं आम्हीं यापुढें कांहीं बोललों नाहीं. पुतण्यानें मात्र काम चालू ठेविलें आणि दोनच्या सुमारास त्याचा बेत ठरला. तो थोडक्यांत असा. एकास हाक मारून उभें राहण्याऐवजीं एकदम तिघांस हाक मारावी. ही युक्ति २००२ सालच्या कॅडेम्लिया नांवाच्या योजनेंतील. तिघांतील एक जरी बोलला तरी काम पुढें सरकतें, आणि मग मंदासाठीं जास्त थांबण्यास कांहींच पडत नाहीं. अनोळख्यासाठीं आरंभीं प्रत्येक फेरीस ३ सेकंद. मौन पडल्यास सहा, बारा, असें वाढवीत साठांपर्यंत. चार उत्तरें मिळालीं कीं त्या त्या घराची स्वतंत्र मर्यादा, वरील गणितानें. मर्यादा संपल्यावर उत्तर आलें तरी तें टाकूं नये. खूण पाहून घरांत घ्यावें, आणि त्या घरास यापुढें अधिक वेळ द्यावा. २००४ सालीं शॉन ऱ्ही व त्याच्या सहकाऱ्यांनीं अशा जाळ्यांवर प्रयोग केले, त्यांतही सर्वांस सरसकट ५ सेकंद देणारें यंत्र अनुभवावरून मर्यादा ठरविणाऱ्या यंत्राच्या मागें पडलें होतें.

आणखी एक गोष्ट आमच्या आग्रहानें घातली गेली. दुप्पट करतांना नेमकें दुप्पट न करतां त्यांत थोडी यदृच्छा मिसळावी. आमच्या तालुक्यांत वीज जाते तेव्हां सर्वांची जाते आणि येते तेव्हां सर्वांकडे एकदम येते; सर्व यंत्रें एकाच ठेक्यावर हाका मारूं लागलीं तर पुन्हां पुन्हां तीच गर्दी व्हावयाची. ही भीति काल्पनिक नाहीं. १६ ऑगस्ट २००७ रोजीं स्काइप नांवाची दूरभाषणाची सेवा (ती २०२५ सालीं बंद झाली) सुमारें दोन दिवस कोलमडली. तीही तेव्हां बरोबरीच्यांचेंच जाळें होती. जगभरचे असंख्य संगणक, नेहमींची दुरुस्ती येऊन, एकाच सुमारास बंद होऊन पुन्हां सुरू झाले. सर्वांनीं एकदम प्रवेश मागितला. आणि प्रवेश देण्यास साहाय्य करणारे सोबतीही त्यांतच बंद पडलेले. त्यांच्या प्रोग्रॅमांतील एक दोषही त्याच वेळीं उघडा पडला. लग्नाच्या पंक्तीस सर्व वाढपीच जेवावयास बसले म्हणजे जें होतें तें झालें.

कोणाचें नांव वहींतून केव्हां खोडावें, यावर मात्र आमचा बराच वाद झाला. पुतण्या म्हणे, तीन खेपा मौन कीं नांव खोडावें. बिटटॉरेंटच्या जाळ्यांत पंधरा मिनिटांत ज्याचा आवाज आला नाहीं तो ‘संशयित’ होतो, आणि लागोपाठ अनेक प्रश्नांस उत्तर न दिल्यास ‘वाईट’. लक्षावधि परक्यांच्या जाळ्यांत तें योग्यच आहे. तेथें वहीच लहान ठेवावी लागते. कॅडेम्लियांतही जुना सोबती जिवंत असेतोंवर त्यास काढून नवा घेत नाहींत, कारण जो पुष्कळ वेळ टिकला तोच पुढेंही टिकण्याचा संभव अधिक, असें मोजमापांत दिसलें होतें. परंतु आमचें जाळें सात घरांचें. त्यांतून खोडून उरणार कोण? शेवटीं असें ठरलें कीं, कोणाचेंही नांव खोडावयाचें नाहीं. मौन लांबल्यास हाका विरळ कराव्या, दिवसांतून एक, पण बंद करूं नयेत.

पहाटे सव्वातीनास पुण्याच्या दोन्ही यंत्रांनीं ओ दिली, मागोमाग डोंबिवलीनें, आणि न्यू जर्सीनें दुसऱ्या खेपेस. पूजेच्या वेळीं थोरल्या बंधूंचा आवाज माजघरांत आला. वहिनी फोनवर ऐकत होत्या. नागपूरचें यंत्र अकराव्या दिवशीं, मंडळी परत आल्यावर, जाळ्यांत आलें. पुतण्याच्या तक्त्यांत आज प्रत्येक घरापुढें त्याची त्याची मर्यादा लिहिलेली दिसते. सर्वांत मोठी आमची आहे.

धनगरवाड्यांत आम्हीं आश्विनांत चौकशी केली. तो मुलगा, आतां चाळिशी ओलांडलेला, मुंबईस असतो असें त्याच्या चुलत्यानें सांगितलें आणि एक फोन नंबर दिला. आम्हीं रविवारीं लावला. वाजून वाजून बंद झाला. दोन दिवसांनीं पुन्हां लावला. तसाच बंद झाला. आतां चार दिवसांनीं लावावयाचा आहे.